तेलघाणीवाल्याचा मंडप

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. मी, यवतमाळात लाकडी घाणीवर तेल काढून विकणारा माणूस, एका सकाळी स्वतःच्या तोंडानं मंडपवाला झालो!

झालं असं, की तेल चांगलं, पण गिऱ्हाईक गल्लीतलंच. बायको म्हणाली, "व्यापाऱ्यांचे ग्रुप असते म्हणते शहरात, एकमेकाले गिऱ्हाईक देते. जाऊन पाहा ना एखाद्यात. घाणीजवळ बसून कोण विचारून राह्यलं तुमाले?"

आता ग्रुप म्हटलं की मी चार हात लांब पळतो. का नाही पळणार? मागे एक वर्गमित्र 'बिझनेस मीटिंग' म्हणून घेऊन गेला आणि ताकदीच्या पावडरीचे डबे गळ्यात मारून मोकळा झाला. वर आणखी माणसं जोड म्हणे! तेव्हापासून टाय बांधलेला माणूस दिसला की मी खिसा चाचपतो.

तरी गेलो. पण व्हिजिटिंग कार्डं मुद्दाम घरीच ठेवली. उगाच नंबर कशाला द्यायचा?

हॉटेलच्या हॉलमध्ये शिरलो तर सकाळी सकाळी सगळे हसतमुख! इतकं हसायला झालं काय यांना? कोणी शिंकलं तरी टाळ्या. अध्यक्ष गावंडे साहेब, फर्निचरच्या दुकानाचे मालक, मला बसवून म्हणाले, "आपला नियम सोपा हाय भाऊ. एका धंद्याचा एकच माणूस. तुमी काय करता?"

बघा! पाणी विचारलं नाही, धंदा आधी विचारला. आणि एकच माणूस का? नक्की यांचा कोणी मेव्हणा तेलात असणार. माझी गिऱ्हाइकं पळवायचा बेत! आधी यांचा डाव कळू दे, मग खरं सांगू, असं ठरवलं. घाणीशेजारी सुरेशचं मंडपाचं गोदाम आहे, तेच तोंडात आलं.

"मंडप डेकोरेशन!"

"वा! मंडपवालाच नव्हता आपल्यात!" टाळ्या.

बाजूला बोरी अरबचे डोंगरे होते, बियाण्यांचे दुकानदार. ते खुर्ची ओढून जवळच आले. "भाऊ, देवच पावला! पोरीचं लग्न हाय. मंडप वाटरप्रूफ हाय का?"

"हाय ना."

"कमान फुलाची का कापडाची?"

"दोन्ही!"

"आन जेवणाचा मंडप येगळा?"

"येगळा म्हणजे? पार येगळा!"

थांबता येईना हो! माझ्या तेलाबद्दल आजवर कोणी इतकं विचारलं नव्हतं.

तेवढ्यात उमरखेडच्या राठोड ताई उभ्या राहिल्या. त्यांचा चिवडा-शेवेचा कारखाना. "मले घाणीचं शेंगदाणा तेल लागते, दर महिन्याले, भरपूर. भरवशाचा माणूसच भेटून नाही राह्यला. कोणी हाय का?"

याच्यासाठीच तर मी घराबाहेर पडलो होतो! आणि अख्ख्या हॉलमध्ये घाणीवाला एकही नाही. मी ताडकन उठलो. "ताई, मी! माझी सोताची घाणी हाय!"

टाळी एकही नाही.

"तुमी त मंडपवाले ना?" ताईंनी विचारलं.

"ते खोटं बोललो होतो."

"आन हे खरं?"

"शप्पथ! पाहा, बाहीले तेलाचा वास येते!"

डोंगरेंनी बाही हुंगली. "येते ना. मंडपात भजे तळत असन."

"घाणीवर चला, दाखवतो!"

"कोनाची बी घाणी दाखवाल तुमी," गावंडे साहेब म्हणाले. "कार्ड हाय का?"

कार्ड घरी! साहेबांनी मग ताईंना हळूच, म्हणजे मला ऐकू जाईल इतकं हळूच, सांगितलं, "नंबर नका देऊ ताई. ज्याले जो पाह्यजे तोच धंदा सांगून राह्यला हा."

डोंगरेंनी मात्र निघताना माझा हात धरला. "तेलाचं जाऊ द्या. मंडपाचं पक्कं ना?"

पोरीच्या बापाला नाही कसं म्हणू? सुरेशच्या हातापाया पडलो, त्याचा सगळा मंडप बोरी अरबला नेला, आणि मालक म्हणून दारात मी उभा.

लग्नाला सगळा ग्रुप हजर. राठोड ताई झालरी पाहतच राहिल्या. "लय झक्कास मंडप हाय भाऊ! अन माहं तेलाचं बी जमलं. ग्रुपात घाणीवाला आला एक नवा."

गावंडे साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हाडाचे मंडपवाले तुमी! मंग त्या दिवशी तेलाचं खोटं कायले बोलले?"