ट्युबाला मिळालेली चाल

तीनशे वर्षांपूर्वीची युरोपातली गाणी आणि लग्नाच्या बँडमधली माणसं एका खोलीत आली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. केर काढताना सापडतात!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशकात शरणपूर रोडला आल्हाट सर राहायचे, चर्चच्या कॉयरचे मास्तर. त्यांच्या कॉयरमध्ये वरच्या पट्टीत गाणारी एकच मुलगी, ती लग्न होऊन नगरला गेली. सर हटले नाहीत. तिची गाणी त्यांनी खाली खाली उतरवत आम्हा दोघांसाठी लिहून काढली. मी ट्रॉम्बोनवाला, पोटापाण्याला बँकेत क्लार्क. आणि बबन ट्युबावाला. मांडीवर घेतलं की माणूस दिसेनासा होतो, ते पितळी धूड म्हणजे ट्युबा.

बबनचा जीव या गाण्यांत अडकला होता, कारण मुलीची चाल सरांनी ट्युबाला दिली होती. त्याचे वडील अण्णा सायखेड्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. चाल कायम त्यांची, आणि बबन वर्षानुवर्षं त्यांच्यामागे खालचे सूर भरत उभा. "ह्याला वाजवणं म्हणत नाय," असं अण्णा चारचौघांत सांगायचे. एकदा तरी त्यांनी आपली चाल ऐकावी, एवढंच त्याला हवं होतं.

•

पहिलंच गाणं लेकरू गमावलेल्या आईचं. एकच शब्द चार ओळी ताणलेला. बबनने विचारलं, बाई श्वास कुठे घेते? सर म्हणाले, दुःखात श्वासाचं भान राहत नाही.

"सर, बाईला दुःख आहे. मला ट्युबा आहे."

सरांनी मुकाट्याने श्वासाच्या खुणा केल्या.

•

तेच गाणं सरांच्या घरी आम्ही जीव ओतून वाजवत होतो. खालच्या काकू दारात आल्या. आम्हाला वाटलं, गहिवरल्या. त्या म्हणाल्या, पाण्याची मोटर दोनदा बंद करून आले, तरी आवाज थांबेना हो!

•

या गाण्यांत पहिला भाग शेवटी परत येतो, आणि त्या खेपेला वाजवणाऱ्याने तो आपल्या डोक्याने नटवायचा असतो. सरांनी हे सांगायला नको होतं. बबनने आईचा आक्रोश असा नटवला, की माझा पाय नाचायला लागला.

सरांनी चष्मा काढला. "बबन, तिचं लेकरू गेलंय."

"हो सर. पण लोकं नुसती बसून राहिली की मला धडधडतं."

•

शेवटी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. अण्णा दुपारची लग्नाची ऑर्डर उरकून थेट आले, बँडच्या लाल कोटात, क्लॅरिनेट मांडीवर. बबनने चाल अशी वाजवली, की खोटं कशाला सांगू, मी माझी जागा विसरलो. अण्णांनी मान वर केली नाही.

मग पहिला भाग परत आला. बँडची रीत अशी, की दुसऱ्या खेपेला चाल क्लॅरिनेटने उचलायची. अण्णांचा हात सवयीने गेला, आणि दुसऱ्या रांगेत बसल्या बसल्या त्यांनी चाल सुरू केली! क्लॅरिनेट कानावर पडताच बबनही सवयीने चाल सोडून खालच्या सुरांवर उतरला. सरांनी कपाळाला हात लावला. मिळालेली चाल हातची गेली होती.

अण्णा मधेच थांबले. हॉलभर ऐकू गेलं, "खाली का गेला? गाणं तुझं हे. वर ये, खाली मी बसतो."

बबन वर आला. अण्णांनी क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर धरला, आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.