पासवर्डच्या वहीची पूजा

रंजिता डोंगरेला कॉम्प्युटरला हात लावायला पहिले तीन महिने मिळालेच नाही. साल होते १९९९. गोंदियात एका दुकानाच्या माडीवर क्लास होता, सहा मशीन आणि तीस पोरे. मुले मशीनपुढे बसायची आणि मुली मागच्या बाकावर बसून वहीत लिहून घ्यायच्या. फी मात्र सगळ्यांची सारखी. तिरोड्याजवळच्या खेड्यातून सायकलने स्टेशन गाठायचे, गाडीने गोंदिया गाठायचे आणि तिथे जाऊन दुसऱ्याची पाठ बघत बसायचे, हे काही रंजिताला पटेना. तिने सरांशी बोली केली. क्लास उघडण्याआधी तासभर येऊन ती खोली झाडून देईल, त्या बदल्यात तेवढा वेळ एक मशीन तिचे. सरांना ते फार आवडले. फी भरून झाडू मारणारी विद्यार्थिनी त्यांना दुसरी कुठे मिळणार होती?

एकदा सहाही मशीन एकाच दिवशी बंद पडली. व्हायरस शिरला होता. पोरींनी काहीतरी दाबले असेल, असे सर म्हणाले. ज्यांना हात लावू दिला नाही त्यांनी दाबले कधी, हे विचारायची सोय नव्हती. रंजिताने चार सकाळी खपून एकेक फ्लॉपी तपासली. व्हायरस सरांच्या स्वतःच्या फ्लॉपीत निघाला, पत्त्यांच्या खेळाच्या. सरांनी ती फ्लॉपी गुपचूप खिशात घातली. शाबासकी राहिली बाजूला, त्या आठवड्यात पोरींना मशीनपुढे बसू दिले एवढेच. पण रंजिताला तिचा धंदा सापडला. घरात चोर कुठून शिरतो आणि आळ कुणावर येतो, हे शोधायचा धंदा.

पुढची नऊ वर्षे तिने त्याच क्लासात शिकवले, टपालाने पदवी घेतली, आणि २००८ साली तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागली. कार्यालय कोणते ते सांगत नाही. ज्याला ओळखीचे वाटेल त्याने आपलेच समजावे.

तिथे साहेबांचा एक नियम होता. सगळे पासवर्ड एका वहीत लिहायचे आणि वही कपाटात ठेवायची, म्हणजे ऑपरेटर सुट्टीवर गेली तरी काम अडत नाही. साहेबांचा स्वतःचा पासवर्ड त्यांच्या मुलीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली आणि खिळा दारामागे. घरकुलाच्या यादीपासून दाखल्यांपर्यंत तालुक्याचे सगळे त्या वहीत होते. चहावाल्यालाही ती वही माहीत होती.

रंजिताने तोंडी सांगून पाहिले. साहेब हसले आणि म्हणाले, इथे कोण येतो आपल्याला लुटायला. मग २०११ मध्ये तिने दोन पानी पत्र टाइप करून दिले: ही वही बंद करा, ज्याचा पासवर्ड त्यानेच जपावा, नाहीतर एक दिवस कुणीतरी बाहेरचा आत शिरेल. आवक लिपिकाने पहिल्या पानावर निळा शिक्का मारला. तिने पोच मागितली तर तो म्हणाला, घरच्याच माणसाला पोच कसली देतात? तिने ऐकून घेतले. शिकली सवरली बाई, पण इथे चुकली. सरकारी कचेरीत पोच न घेता कागद देणे म्हणजे नदीत नाणे टाकणे.

दोन वर्षांनी दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार आला. कार्यालयात शस्त्रपूजा होती. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, तर आम्ही कॉम्प्युटर पुजणार, असे साहेबांनी ठरवले. की-बोर्डला झेंडूची माळ घातली. ताटात पेन, शिक्के आणि मधोमध पासवर्डची वही. शिपाई शालीकरामने तिच्या कव्हरवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले. पण साहेबांना ते पुरेसे वाटेना. राइस मिलवाले शेठ लोक वही उघडून पुजतात, मिटून नाही, असे म्हणून त्यांनी स्वतः वही उघडली आणि पानावर सुपारी ठेवली. रंजिता आपल्या टेबलाशी बसून होती. तिच्या घरात १९५६ पासून पूजा नाही, दसऱ्याला ते दीक्षाभूमीवर जातात, हे सगळ्यांना ठाऊक होते. वही उघडलेली पाहून ती उठली आणि म्हणाली, साहेब, निदान मिटून तरी ठेवा. साहेब म्हणाले, "डोंगरे मॅडम, पूजेत बोलू नये."

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी ताटाचा फोटो फेसबुकवर टाकला. कॉम्प्युटर हेच आमचे शस्त्र, असे खाली लिहिले. दोनशे लोकांनी अंगठे दाखवले. एका माणसाने मात्र फोटो मोठा करून सुपारीच्या बाजूची ओळ वाचली.

सोमवारी घरकुलाच्या यादीतून चार नावे गायब होती आणि त्यांच्या जागी दुसरी चार. गेलेल्यांत धुरपताबाई नावाची विधवा होती. सहा वर्षे ती या यादीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. ती येऊन रंजिताच्याच टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माहं नाव काऊन काढलंस व?"

तालुक्यात बोंब झाली. वरून चौकशी लागली. साहेबांनी रंजिताला केबिनमध्ये बोलावले, दार लावले आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माझ्या निष्काळजीपणाने पासवर्ड फुटला, असा मजकूर होता. सही करा, प्रकरण इथेच मिटवतो, नोकरीही राहील, असे म्हणाले. वर असेही म्हणाले की त्या दिवशी पूजेला तुम्ही एकट्याच बसून होतात, लोक बोलतात, मी काही बोलत नाही. बघा, न बोलता माणूस किती बोलतो!

तिने कागद घरी नेला. आई भागीरथा अंगणात बिड्या वळत होती. आयुष्यभर तिने हेच पाहिले होते. सडकी तेंदूपाने कारखान्याच्या मुनशीने द्यायची आणि वाईट बिडीचे नाव बाईचे. तिने सगळे ऐकून घेतले, हात न थांबवता.

"जे केलं नाई त्याच्याखाली सही कायले करतेस? नोकरी गेली तं दुसरी भेटंल. नाव एकच हाय."

चौकशी अधिकाऱ्यांपुढे रंजिता तो कागद सही न करताच घेऊन उभी राहिली. वरच्या कार्यालयातून तिने लॉगिनची नोंद मागवली होती. पाच वर्षांत प्रत्येक लॉगिन याच कार्यालयातून झालेले, आणि पहिले बाहेरचे त्या शुक्रवारी सात वाजून पन्नास मिनिटांनी, कुणाच्या तरी मोबाइलवरून. ती तेव्हा तिरोड्याच्या गाडीत होती. साहेब म्हणाले, मग पासवर्ड त्यांनीच कुणाला सांगितला असेल. तिने फोटो मोठा करून दाखवला. सुपारी, झेंडूची पाकळी आणि साहेबांच्या मुलीचे नाव. साहेबांनी रोख बदलला. वही तर यांच्याच कामाची होती, म्हणाले, धोका होता तर लेखी का दिले नाही? ती म्हणाली, दिले होते. आवक रजिस्टरचे ते पान नेमके भिजून फाटलेले निघाले. पत्राची फाइल मशीनमध्ये होती, पण साहेब तयारच होते: कॉम्प्युटरवरची तारीख कुणीही बदलू शकतो, हे मॅडमनीच आम्हाला शिकवलेय.

वही टेबलावर पुरावा म्हणून पडली होती. रंजिता तिच्याकडे बघत राहिली. कव्हरचा एक कोपरा सुटला होता आणि आतून निळी शाई दिसत होती. तिने विचारून वही उचलली आणि कव्हर सावकाश सोडवले. डिंकाने जोडलेली दोन पाने होती. कोरी बाजू वर, टाइप केलेली बाजू आत. तिचेच पत्र. आवकचा शिक्का, तारीख, सगळे जागच्या जागी. धोक्याची सूचना दोन वर्षे त्याच वहीला पांघरूण घालून बसली होती.

हे कव्हर कुणी घातले, असे अधिकाऱ्यांनी विचारले. शालीकराम दारात उभा होता. निवृत्तीला त्याची दोन वर्षे उरली होती आणि साहेब त्याच्याकडे रोखून पाहत होते. तो पुढे आला.

"म्या घातलं जी. साहेबानंच देला कागद. मांगून कोरा हाय, कव्हराले घे, म्हनाले."

मोबाइल कुणाचा ते पोलिसांनी पुढे शोधले. यादीत घुसलेल्या चौघांपैकीच एकाचा निघाला, नाव ऐकून कुणालाच नवल वाटले नाही. धुरपताबाईचे नाव यादीत परत आले. साहेबांना समज मिळाली, आणि कधीपासून हवी होती ती नागपूरची बदलीही मिळाली. कार्यालयात एक परिपत्रक निघाले की पासवर्डच्या वहीचा यापुढे फोटो काढू नये. वही बंद करा, असे कुणी लिहिले नाही. आणि मार्चमध्ये रंजिताचे कंत्राट संपले, ते पुन्हा झाले नाही. कारण विचारले तर म्हणाले, कंत्राटच ते, संपणारच. सहा वर्षांच्या कामाचे अनुभव प्रमाणपत्र मागितले तर म्हणाले, साहेब बदलून गेले, आता सही कोण करणार?

घरी बसून तिने सायबर सुरक्षेची परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाली. नागपूरच्या एका कंपनीला कार्यालयांचे कॉम्प्युटर तपासणारी माणसे हवी होती. तिथे मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, अनुभवाचा कागद कुठे आहे? रंजिताने माहितीच्या अधिकारात मिळवलेली त्या पत्राची झेरॉक्स पुढे ठेवली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी दोन्ही पाने शेवटपर्यंत वाचली. मग मजकुरावर आरपार उमटलेल्या काळ्या डागावर बोट ठेवून विचारले, हे काय सांडलेय?

"कुंकू आहे," रंजिता म्हणाली. "त्यांनी पासवर्डची पूजा केली होती."

नोकरी लागली. अनुभव प्रमाणपत्रासाठी तिने पुन्हा एक अर्ज केला, या वेळी पोच घेऊन. पोच तिच्याकडे आहे. प्रमाणपत्र अजून आलेले नाही.