परीक्षेत चालते ना?

आसेगावचे दौलतराव आमच्या मंगरूळपीरच्या बाजारात भाजी घेऊन बसतात. सांभार, मेथी, वांगी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभारच म्हणतात, आणि दौलतरावांच्या जुडीत सडकी काडी निघाली असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. विहिरीजवळच्या दीड एकरात नवरा-बायको दोघंच राबतात. शिक्षण सहावी. त्यांची एक सवय मात्र साऱ्या बाजाराला ठाऊक आहे: काहीही घ्यायचं तर ते विकणाऱ्याला विचारून विचारून जेरीला आणतात. बियाण्याचं पाकीट असलं तर आमच्या जमिनीत येईल का, पाणी किती लागेल, मागच्या साली कोणी लावलं त्याचं नाव सांगा. लोक त्यांना ‘चौकशी कमिटी’ म्हणतात. मीही म्हणायचो.

मी जगदेव. ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवतो. आवाज चढा, राग नाकावर. मला कोणी प्रश्न विचारलेला आवडत नाही, आणि उत्तर येत नसलेला तर मुळीच नाही. आज हे लिहितोय खरं, पण तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याची खैर नव्हती.

दौलतरावांची सुचिता माझी विद्यार्थिनी. बारावीला गणितात कॉलेजातून पहिली आली आणि अमरावतीला इंजिनिअरिंगला लागली. तिथून तिनं कॉलेजची सूचना मला मोबाइलवर पाठवली आणि खाली लिहिलं, ‘सर, कॅल्क्युलेटर घ्यायचा आहे. बाबांसोबत जाऊन तुम्हीच निवडा. तुम्ही निवडलेला मी डोळे मिटून वापरीन.’ मी सूचनेची पहिली ओळ वाचली, माझी छाती फुगली, आणि मोबाइल खिशात गेला.

आम्ही दोघं एसटीनं वाशिमला गेलो. स्टेशनरीच्या दुकानात अमरदीप नावाच्या मालकानं काउंटरवर सात-आठ सायंटिफिक कॅल्क्युलेटर मांडले. सगळे सारखेच, शाळेतल्या पोरांकडे असतात तसले. मी नाक मुरडलं. इंजिनिअरिंगच्या पोरीला हे द्यायचं? तेव्हा त्यानं कपाटातून एक खोकं काढलं. कोण्या गिऱ्हाइकानं मागवलेला आणि मग न नेलेला, आलेख काढणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर. रुंद पडदा, पन्नासेक बटणं. किंमत बाकी साऱ्यांच्या मिळून होईल त्याहून जास्त. असलं यंत्र मी फक्त फोटोत पाहिलं होतं. पण मी ते अशा थाटात हातात घेतलं की जणू घरी दोन पडलेत.

मी दौलतरावांना म्हटलं, बघा, समीकरण टाकलं की वक्र आपोआप निघतो. टाकलं. पडद्यावर चूक असल्याचा संदेश आला. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. मी म्हटलं, सेल उतरलेत. अमरदीप म्हणाला, सर, सेल आत्ताच नवे टाकले. काउंटरवर वह्या घेणारी कॉलेजची दोन पोरं एकमेकांकडे पाहू लागली. माझे कान तापले.

तेवढ्यात दौलतरावांनी सदऱ्याच्या खिशातून त्यांचा बाजारातला छोटा कॅल्क्युलेटर काढला. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली आणि दोन्हीत एकच गणित टाकलं, दोन अधिक तीन गुणिले चार. नवा काटा जुन्या काट्याशी ताडून पाहायची त्यांची रीतच ती. छोट्यावर वीस आले, मोठ्यावर चौदा.

“सर,” ते हळूच म्हणाले, “हे तं काटा मारते.”

दुकान हसलं. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी. काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! घटकेपूर्वी माझं हसं होणार होतं, आता दुसऱ्याचं झालं. गुणाकार आधी करायचा असतो हा नियम, साधं यंत्र तो पाळत नाही, मोठं पाळतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी ते सांगितलं नाही. दौलतरावांचा चेहरा उतरला, तरी सवय ती सवय. ते म्हणाले, “नाई, मंग परीक्षेत हे...”

“दौलतराव,” मी त्यांना तोडलं, “हे सांभार निवडायचं काम नाही. तुम्ही गप बसा.”

ते गप बसले. अख्ख्या बाजाराला न आवरलेला माणूस माझ्या एका वाक्यानं गप बसला, आणि मला त्यात शान वाटली. त्यांनी काही न विचारता ते यंत्र घेतलं, उपरण्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला नेऊन पोरीच्या हातात दिलं.

जानेवारीत सुचिताचा गणिताचा पेपर झाला. फेब्रुवारीतल्या एका बाजारी मी वांगी निवडत होतो. दौलतराव पिशवी धरून, अगदी साध्या आवाजात म्हणाले की पोरीचं ते मशीन परीक्षेच्या हॉलच्या दारातच काढून घेतलं. तसलं चालत नाही म्हणे. दुसऱ्याचं मागायची परवानगी नाही. सगळी आकडेमोड हातानं केली, निम्मा पेपर कोरा राहिला. नापास. आता तो विषय पुन्हा द्यावा लागेल, आणि पोरगी म्हणते मला इंजिनिअरिंग झेपत नाही, घरी येते.

मी तिथंच मोबाइल काढला. सूचनेची शेवटची ओळ: आलेख काढणारं किंवा प्रोग्राम भरता येणारं यंत्र परीक्षेत चालणार नाही. पाच महिने ती ओळ माझ्या खिशात होती. दौलतराव दुकानात नेमकं हेच विचारत होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला वांग्यांच्या ढिगापुढं कळलं.

मी म्हटलं, आत्ता फोन लावतो तिला, सांगतो चूक कोणाची. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“नोका लावू. मी तिले सांगतलं का सर लहानाच घ्या म्हनत होते, मीच आयकलं नाई, महाग ते साजरं म्हनून घेतला. तिले अजून लय गणित शिकाचं हाये. अडलं तं ते तुमालेच इचारते. तुमच्यावरचा भरोसा गेला तं कोनाले इचारन? मले तं चौदा अन् वीस समजत नाई.”

मी फोन खिशात टाकला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. नको म्हणणारा मिळाला होता. घरी गेलो तर बायकोवर उगाच खेकसलो, वर्गात एका पोराला विनाकारण उभं केलं. सारे दिवस असेच गेले. होळीला सुचिता आसेगावला आली तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता बस झालं. दौलतराव काहीही म्हणोत.

त्यांच्या ओसरीत बसलो. दौलतरावांच्या बायकोनं, सीताबाईंनी, चहा आणला. सुचिता वाळली होती. दोन वाक्यं झाली नाहीत तोच ती बापावर चिडली, म्हणाली, बाबा, सर एवढं सांगत होते तं आयकाचं नाई का तुमी? सगळं तुमालेच समजते? दौलतराव खाली मान घालून भाजीच्या जुड्या बांधत होते. चुकलं बाई, म्हणाले.

मी कप खाली ठेवला. “सुचिता, ते मशीन मी निवडलं. बाबा विचारत होते, परीक्षेत चालते का, तर मी त्यांना दुकानात चारचौघांत गप बसवलं. तू पाठवलेली सूचना मी शेवटपर्यंत वाचलीच नव्हती.”

सुचितानं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. दौलतरावांनी जुडीची गाठ मारली आणि हसले.

“पाह्य पोरी, सर मले वाचवून राह्यले. असा मोठ्या मनाचा मास्तर कोठी भेटन तुले?”

तिचे डोळे भरून आले. मी नाही, नाही म्हणत राहिलो, पण जितकं नाही म्हणावं तितका तिचा विश्वास बसत गेला. ती म्हणाली, सर, मी कॉलेज सोडत नाही, पुन्हा पेपर देते, तुम्ही शिकवाल ना? आणि वाकून माझ्या पाया पडली. माझा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला.