आक्कांची भुशाची शेगडी

आक्कांचा मिलिंद सिन्नरच्या स्टँडकडून आमच्या घराकडे येताना मला खिडकीतून दिसला, तेव्हा दुपार व्हायची होती. हातात पिशवी नव्हती, पायांत घरातल्या स्लिपर होत्या. नाशिकहून एसटीनं येणारा माणूस असा येत नाही. मी दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच म्हणाला, "काकू, आई गेली. सकाळचा चहा घेतला, म्हणाली जरा पडते... मी हाक मारायला गेलो तर..." मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "त्यांना काही दुखलं का रे? तडफड वगैरे?" तो म्हणाला, "नाही काकू. झोपल्यासारखीच होती." आणि खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि एक मोठा श्वास सोडला. भाऊ, म्हणजे आक्कांचे यजमान आणि माझे थोरले दीर, दवाखान्यात नळ्यांमध्ये गुरफटून गेले होते. ते आक्कांनी खाटेशी बसून पाहिलं होतं. पुढं त्यांच्या स्वतःच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हापासून त्यांचं एकच मागणं होतं, "मला तसलं काय लावू नका. माझ्या घरात, माझ्या खाटंवर." तेवढं त्यांना मिळालं. रडू नंतर आलं, एसटीत, नाशिक रोडचा फाटा ओलांडताना.

इंदूआक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन त्यांच्या घरात आले. गंगापूर रोडवरून आत वळलं की आमची वसाहत लागायची, आणि वसाहतीच्या मागे लगेच पेरूच्या बागा सुरू व्हायच्या. भाऊ सरकारी कचेरीत कारकून, आमचे हे दिंडोरीला नोकरीला, रोज एसटीनं ये-जा. मी नाशिक गावातली, मास्तरांची मुलगी. आक्का सिन्नरच्या पलीकडच्या कोरड्या गावातल्या. तिथं उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरायचं, हे त्या गमतीनं सांगायच्या, पण ऐकणाऱ्याला त्यात गंमत वाटायची नाही. त्यांच्या घरात काहीच एका कामानंतर संपत नसे. धोतर फाटलं की त्याचं गाळणं, गाळणं विरलं की फडकं, फडकं झिजलं की कंदिलाची काच पुसायची चिंधी. न्हाणीतलं पाणी एका चरातून थेट केळीच्या आळ्यात. भांडी राखेनं घासायची. मी बाजारातून भांड्यांची पावडर आणली तर म्हणाल्या, "तुझी भांडी चमकतील गं, पर माझी केळ ते पानी पिनार नाय." पालेभाजीच्या काड्या, सालं, चहाचा चोथा मागच्या खड्ड्यात जायचा आणि वर्षभरात त्याची काळीभोर माती व्हायची.

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असं नाही. एका पावसाळ्यात वळचणीचं पाणी साठवायला त्यांनी डांबराचं रिकामं पिंप मांडलं आणि त्यात इतके डास झाले की भाऊंना हिवतापानं अंथरुणात पाडलं. भाऊ थडथडत म्हणाले, "इंदू, पाणी वाचलं, मी वाचतो का बघ." त्यावर आक्का दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग पिंपावर जुन्या लुगड्याचं दुहेरी झाकण शिवून बसवलं. पिंप मात्र हलवलं नाही. शिवाय जीभ तिखट. माझा भात करपला की त्या ती खरवड उन्हात वाळवून कोंबड्यांना घालायच्या, आणि कोंबड्यांनाच सांगायच्या, "खा गं बायांनो, आज सुमनकाकूनं जेवन दिलंय." वर्षभरानं मी माझी चूल वेगळी केली. घर तेच, अंगण तेच, फक्त स्वयंपाक दोन ठिकाणी. मी रॉकेलचा स्टोव्ह घेतला. आक्कांनी त्यांची भुशाची शेगडी ठेवली.

ही शेगडी आता पाहायला मिळत नाही, म्हणून सांगते. गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याला खाली बाजूला एक भोक पाडायचं. आत मधोमध एक बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक काठी बाटलीपर्यंत सरकवायची आणि भोवतीनं लाकडाचा भुसा मुसळीनं ठासून भरायचा. मग बाटली आणि काठी हलक्या हातानं काढून घ्यायची. आत एक पोकळ नळी तयार होते. खालून एखादी काडी पेटवली की भुसा आतल्या आत धुमसत राहतो, सकाळपासून दुपारपर्यंत. वखारीत भुशाचे ढीग पडलेले असायचे आणि वखारवाल्याला ते नकोच असायचे. आक्का पोत्यानं आणायच्या आणि पत्र्यावर वाळत घालायच्या. वारा सुटला की तो भुसा साऱ्या गल्लीत उडायचा. गल्लीनं आमच्या घराचं नावच 'भुसावळ' ठेवलं होतं. रिकामटेकडी माणसं दारावरून जाताना शिट्टी वाजवायची, गाडी आली म्हणून. मला कानकोंडं व्हायचं. आक्का आतून ओरडायच्या, "गाडी सुटली, पळा!"

माझी रंजना सहा वर्षांची असताना वसाहतीत कावीळ आली. रस्ता खणताना नळाची लाईन कुठंतरी फुटली होती आणि गटाराचं पाणी आत झिरपत होतं. हे कळेपर्यंत घराघरांत माणसं पडली. रंजनाचे डोळे मी एका सकाळी वेणी घालताना पाहिले. हळदीसारखे... पोरगी अन्नाला तोंड लावेना, नुसती पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा विश्रांती आणि पथ्य, आणि घरात पाण्याचा थेंबही उकळल्याशिवाय पोटात जाता कामा नये. म्हणायला सोपं. रेशनचं रॉकेल त्या महिन्यात आलंच नव्हतं. गॅसला नंबर लावून कैक वर्षं झाली होती. माझ्या स्टोव्हच्या टाकीत उरलेल्या रॉकेलवर एक कळशीही उकळली नसती. मी रिकामा कॅन घेऊन चार दुकानं फिरले आणि परत येऊन पायरीवर बसले. समोर आक्का कळशी घासत होत्या. त्यांनी माझ्या हातातला कॅन पाहिला. उठल्या आणि दुसरा डबा भरायला घेतला.

तेव्हापासून आमच्या अंगणात दोन शेगड्या धुमसत राहिल्या, एक विझत आली की दुसरी. हंडा उतरायचा, निवायचा, फडक्यातून माठात जायचा. मी रात्रंदिवस पोरीजवळ बसून होते. माझ्या चुलीला कुणी हात लावला नव्हता, पण मला आणि ह्यांना जेवण कुठून येतंय हे विचारायचंही भान नव्हतं. मग शेजारपाजारच्या बायका हंडे घेऊन यायला लागल्या. शिट्ट्या वाजवणाऱ्यांच्याच घरच्या त्या. आक्का म्हणाल्या, "माझ्या शेगडीवर साऱ्या वसाहतीचं पानी उकळायचं नाय. डबे आना, शिकवते." आणि अंगणात शाळाच भरली. एकीनं बाटली हिसका मारून काढली, तिचा सगळा भुसा आत ढासळला. दुसरीनं भुसा ओला वापरला, तिच्या धुरानं गल्ली खोकत बसली. आक्का भडकायच्या, डबा उपडा करून पुन्हा भरायला लावायच्या. भुसा मात्र मिलिंद आणि गल्लीतली कॉलेजची पोरं वखारीतून सायकलींवर पोती लादून आणायची.

आमच्या समोरच्या घरातल्या काकू मात्र आल्या नाहीत. त्या कधीच आमच्याकडे आल्या नव्हत्या. इतकी वर्षं समोरासमोर राहून त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, आणि का घेत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही. बोलणं गोड, हळदीकुंकवाची हाक साऱ्या गल्लीला, आमचं दार वगळून. त्यांची सून नलिनी तेव्हा गरोदर होती, दिवस भरत आले होते. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी गल्लीत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. काकूंच्या स्टोव्हलाही रॉकेल नव्हतं. त्या पाणी नुसतं कोमट करून देतात, हे आम्हाला दारातून दिसत होतं.

आक्का तिसऱ्या प्रहरी उठल्या. एक कोरा डबा नीट ठासून भरला, वर भुशाची पिशवी ठेवली आणि रस्ता ओलांडून त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले, कारण आक्कांच्या जिभेची मला भीती वाटत होती. काकू दारात आल्या. आक्का म्हणाल्या, "पानी नाय आनलं. शेगडी आनली हाय. पानी तुमचं, हंडा तुमचा, जाळ तेवढा माझा. जाळाला चालतंय ना?" काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्या बाजूला सरल्या. आक्का आत गेल्या, त्यांच्या ओट्यापाशी बसल्या, पेटवायचं कसं ते दाखवलं आणि निघून आल्या. परतताना अंगणात मला म्हणाल्या, "माझ्या मनात लय होतं बोलायचं. पर ती पोर भिंतीला धरून उभी होती गं. पोट हातात घेऊन."

त्यानंतर दोन्ही घरांतून निळसर धूर निघायचा. मला एवढं आठवतं की रंजनानं एका सकाळी स्वतः उठून बसत विचारलं, "आई, भाकरी आहे का?" आणि मी आक्कांच्या दाराकडे धावत सुटले. मला बोलताच येईना. आक्कांना वाटलं, काहीतरी वाईट झालं. त्यांनी माझे दोन्ही खांदे घट्ट धरले. मी कशीबशी म्हणाले, "भाकरी मागतेय..." आक्का तिथंच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. भाऊंच्या आजारपणातही मी त्यांना तसं रडताना पाहिलं नाही.

नलिनी बाळंतीण झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. काविळीचा वाराही त्यांना लागला नाही. आणि एका उन्हाच्या दुपारी, बाळाला खांद्यावर टाकून ती रस्ता ओलांडून आमच्या अंगणात आली. सासू दारातून बघत होती. नलिनी म्हणाली, "आक्का, तहान लागलीये." घर समोर होतं तिचं, माठ भरलेला. आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या दाराकडे पाहिलं. तांब्या भरून दिला. नलिनी उभ्यानं सगळा प्यायली, ओठ पुसले आणि हसली. काकू दार न लावता आत गेल्या. पुढं कित्येक वर्षांनी त्यांनीही आमच्याकडे चहा घेतला, पण तो दिवस मला इतका आठवत नाही.

ऐंशी सालानंतर गॅस आला, भुशाच्या शेगड्या माळ्यावर गेल्या. गॅसलाही आक्कांनी त्यांच्या वळणावर आणलं. भाताला उकळी आली की पातेलं उतरवायचं आणि जुन्या चादरी भरलेल्या टोपलीत गुंडाळून ठेवायचं, भात आपोआप शिजायचा. त्या म्हणायच्या, "भाताला ऊब लागते, जाळ नाय लागत." आमची बदली सिन्नरला झाली तेव्हा त्यांनी मला अशीच एक टोपली विणवून दिली, आणि मी ती रोज वापरते. आमच्या दोघींच्या चुली वेगळ्याच राहिल्या, त्याचं दोघींनाही कधी वाईट वाटलं नाही. वेगळ्या चुलींनी आमच्यात उलट मोकळेपणा आणला. रंजना आता बी.एस्सी. करते. वसतिगृहातल्या मुलींना तिनं अंघोळीचं पाणी बागेत सोडायला लावलं आणि सगळ्या तिच्यावर चिडल्या आहेत, असं परवाच सांगत होती. आक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, चिडू दे, केळ लागली की येतील मागायला.

नाशिकला आक्कांच्या जलदानाच्या विधीला घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं हळूहळू पांगली. आक्कांना त्यांच्या मनासारखा निरोप देता आला, याचं समाधान सगळ्यांच्या चालण्या-बोलण्यात होतं. सतरंज्या झटकताना कुणीतरी हसलंसुद्धा, आणि ते कुणाला खटकलं नाही. संध्याकाळी आम्ही चौघी-पाचजणी दुसऱ्या दिवसाची मेथी निवडायला बसलो. मी, नलिनी, रंजना, शेजारच्या दोघी. सुरुवात आतल्या खोलीत झाली होती. मग कधीतरी आम्ही सुपं उचलून पडवीत आलो, पडवीतून पायरीवर आणि पायरीवरून अंगणाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथं उजेड सगळ्यात शेवटी जातो. आक्कांच्या घरात हे असंच चालायचं. काम उजेडाच्या मागे मागे जायचं. कुणी कुणाला उठा म्हणालं नव्हतं. मिलिंदची बायको नवीन, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. ती घाईनं दारात आली आणि भिंतीवरच्या बटणाला हात लावून म्हणाली, "अहो, अंधारात काय बसलात सगळ्या? लाईट लावते."

आम्ही सगळ्या एकदमच म्हणालो, "राहू दे गं. अजून दिसतंय."