राघू जांब खातो

बोलण्याआधी माणसाने प्रत्येक शब्द पारखून घ्यावा. हे तत्त्व मी आयुष्यभर इतक्या निष्ठेने पाळले आहे, की आमच्या महाविद्यालयात मला मितभाषी विद्वान म्हणतात. पारखण्याची माझी कसोटी एकच आहे. शब्द 'प'पासून सुरू होतो का, एवढेच मी बघतो. होत असेल तर तो शब्द मी वापरत नाही, कारण तो माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही.

मी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हा पेशा मी ज्ञानाच्या ओढीने पत्करला, असे माझ्या सत्काराच्या वेळी सूत्रसंचालक सांगतात. मला ओढ होती ती भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीची. माझे निम्मे बोलणे ती पाटीच करते. उरलेल्या निम्म्यात मी 'पुस्तक' हा शब्द कधी उच्चारलेला नाही. मी 'ग्रंथ' म्हणतो. बारावीचे गाईड मागायला आलेल्या मुलालाही मी गंभीरपणे विचारतो, "कुठला ग्रंथ हवा?" पैशांना रक्कम म्हणतो, पोह्यांना नाश्ता म्हणतो. पावसाला सरी म्हणतो, त्यामुळे मराठी विभागातले काही जण मला छुपा कवी समजतात. झाडीपट्टीत जन्मल्याचा हा एक फायदा. इथे माणसाच्या खिशात झाडीबोली असते, हिंदी असते, शाळेतली मराठी असते आणि नशीब असेल तर थोडी गोंडी. एका दारावर अडलो की दुसऱ्याने निघायचे. अडचण फक्त स्वतःच्या नावाची. ते 'प'नेच सुरू होते आणि त्याला दुसरा शब्द नाही. म्हणून फोनवर मी "ग्रंथालयातून बोलतो" असे सांगतो, जणू इमारतच बोलते आहे.

शाळेत मला हकला म्हणत. घरी जिभेवर वेखंड उगाळून लावत. कोणी शंखातून पाणी पाजायला सांगितले, कोणी बेसावध असताना थोबाडीत मारायला सांगितले. या प्रत्येक उपायाने उपाय करणाऱ्याला बरे वाटे.

एकाच ठिकाणी माझी जीभ मोकळी असे, विहारात. सगळ्यांसोबत पंचशील म्हणताना 'पाणातिपाता वेरमणी' हे शब्द माझ्या तोंडून एखाद्या भन्तेजींसारखे खणखणीत निघत. हा धम्माचा प्रभाव, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. पुढे एका संशोधक बाईंनी मला सांगितले, की तोतरे बोलणारी बहुतेक माणसे इतरांच्या सुरात सूर मिसळला की अडखळत नाहीत. बल्लारपूरच्या गाड्यांचे वेळापत्रक सगळ्यांनी मिळून म्हटले तरी तोच परिणाम होईल. त्या दिवसापासून विहारात माझा आवाज किंचित खाली आला आहे.

या बाईंची ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे. मुलगी आलापल्लीच्या पुढच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. तिला माझी उंची आली नाही, हे आले. फरक इतकाच, की ती शब्द बदलत नाही. अडखळते आणि उभी राहते. नागपूरहून वाचाउपचारांच्या अभ्यासकांची एक तुकडी महिन्यातून एकदा चंद्रपूरला येऊ लागली, तेव्हा तिने स्वतःहून त्यांच्या संशोधनात नाव दिले. तोतरेपणा घराण्यात कसा उतरतो आणि उपचाराने काय बदलते, हे त्यांना शोधायचे होते. त्यांचा उपचार ऐकून मी चकित झालो. अडखळणे थांबवण्यापेक्षा ते लपवणे थांबवा, असे त्यांचे म्हणणे. चारचौघांत मुद्दाम अडखळा, म्हणजे भीती मरते. रोग तसाच ठेवून रोग्याला निर्लज्ज करणारे शास्त्र मला नवीन होते.

सुट्टीवर आली असताना मुलगी हा अभ्यास करायला गोल बाजारात निघाली आणि मला सोबत घेतले. भाजीवालीसमोर उभी राहून तिने 'पालक' हा शब्द मुद्दाम ताणला. प-प-प असा तो चालूच राहिला. मागे गिऱ्हाईक थांबले. मी तोवर पलीकडच्या वांग्यांच्या ढिगाशी गेलो होतो आणि त्या मुलीशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने एक वांगे निरखत होतो.

भाजीवाली म्हणाली, "बोल वं बाई, आरामात बोल. मी काई उठून नाई चालली." मग मुलगी भाव पाडायला लागली तेव्हा म्हणाली, "हे मातर लवकर बोल. नाई त तवरक भाव वाढून जाइन."

मुलगी हसली. मागचे गिऱ्हाईकही हसले. माझ्याकडे बघून वांगीवाला म्हणाला, "भाऊ, घेता का नुसते पाहूनच राह्यले?" मी वांगी घेतली. घरी आदल्याच दिवशी आणलेली वांगी होती. बायकोने पिशवी उघडून बघितली आणि ती वांगी आदल्या दिवशीच्या वांग्यांवर ओतली.

त्याच सुमारास राजुऱ्याहून एक स्थळ चालून आले. मुलगा तलाठी, घरचे लोक बरे. ते बघायला यायचे ठरले आणि माझी झोप उडाली. मी मुलीला बसवून माझी विद्या शिकवू लागलो. कुठे हिंदी घालायची, कुठे खोकायचे, कुठे नुसती मान हलवून काम भागते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, की हे सगळे विसरायलाच मी दर महिन्याला जाते आहे, बाबा.

पुढच्या खेपेला ती मला सोबत घेऊन गेली. संशोधनाला घरच्या माणसांचेही आवाज हवे होते. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला एक खोली होती, खिडकीला जाड पडदा, टेबलावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र. बाई तरुण होत्या, पुण्याकडच्या असाव्यात. त्यांनी विचारले, घरात आणखी कोणी अडखळते का?

मी म्हणालो, "नाही."

मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिने काही हालचाल केली नाही.

बाईंनी मला एक उतारा वाचायला दिला. उतारा रचणाऱ्याने माझ्यासाठीच सापळा लावावा तसा तो होता. एक पोपट पेरूच्या झाडावर बसून पिकलेला पेरू खातो आणि तेवढ्यात पाऊस पडतो. मी सहज, संथ, ठसठशीत वाचले. राघू जांबाच्या झाडावर बसून मऊ जांब खातो आणि तेवढ्यात सरी येतात. पेरूला आमच्याकडे जांबच म्हणतात, तेव्हा खोटेही काही नव्हते. वाचून झाल्यावर मला वाटले, हे उत्तम जमले.

बाईंनी उतारा माझ्या हातून परत घेतला. मग म्हणाल्या, "काका, हा उतारा मी पुष्कळ जणांकडून वाचून घेतला आहे. असा कोणीच वाचला नाही." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. कौतुकच होते, आणि ते जास्त लागले. मग त्यांनी विचारले, "जांब म्हणजे काय?"

मी तोंड उघडले आणि मिटले.

"प-प-पेरू," मुलगी म्हणाली.

बाईंनी मघाचे उत्तर बदलायचे आहे का, असे हळूच विचारले. म्हणजे दार त्यांनी उघडून धरले होते. मी म्हणालो, "असू द्या." त्यांनी मान डोलावली आणि यंत्र बंद केले. घराण्यात कोणालाही नाही, एकट्या मुलीलाच आहे, असे शास्त्राच्या दप्तरी माझ्या तोंडून नोंदले गेले. कसल्याशा भाषणाला मला अध्यक्ष म्हणून बोलावतात तेव्हा 'सत्याची कास धरणारे' असे म्हणतात. तो शब्दप्रयोग तेव्हा आठवला नाही, रात्री जेवताना आठवला.

येताना ऑटोत मुलगी बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मग मी हे क-कुठून आणलं, बाबा? बाजारातून?"

मी रस्त्याकडे बघितले. रस्त्यावर कोळशाचे ट्रक होते, नेहमीचेच.

इतके होऊनही पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी काय केले, तर धाकट्या भावाला बोलावून घेतले. भाऊ बोलका आहे. घरातली सगळी बोलणी, भांडणे आणि लग्नातले आभारप्रदर्शन तोच करतो. त्याला मी सांगितले, विषय निघाला तर लहानपणच्या तापावर ढकल. त्याला काही गैर वाटले नाही. माझ्या वतीने बोलण्याची त्याला चाळीस वर्षांची सवय आहे.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडील खाणीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, अत्यंत गंभीर गृहस्थ. समोरचा बोलत असला की त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत आणि सावकाश मान हलवत. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. आपल्यासारखाच शब्द पारखणारा माणूस दिसतो, असे मनात आले. भावाने खोली ताब्यात घेतली. पीक, रस्ता, उन्हाळा, धूळ, सगळे झाले. मी नाश्ता घ्या म्हणालो आणि माझे काम संपले असे समजून बसलो.

मुलगी चहा घेऊन आली नाही. चहा भावाच्या बायकोने आणला. मुलगी नुसतीच येऊन बसली आणि तिने सुरुवातीलाच सांगून टाकले, की मी बोलताना अडखळते, लहानपणापासून, उपचार चालू आहे, पूर्ण जाईल असे कोणी म्हटलेले नाही. हे सांगताना ती दोनदा चांगलीच अडली. मुलाने विचारले, गोंडी बोलतानाही अडखळता का. ती म्हणाली, गोंडीतही, पण तिथले लोक थांबतात, त्यांना कुठे घाई नसते. मुलगा म्हणाला, "आमच्या तलाठी कार्यालयातही लोक थांबतातच." ती हसली. हे सगळे बरे चालले होते आणि मला त्यातले काहीच बरे वाटत नव्हते. माझे लक्ष मुलाच्या आईकडे होते. त्यांनी बशी खाली ठेवली होती.

त्या म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे जी. पण इचारतो, राग नका मानू. घरी अजून कोणाले आहे का हे?"

"नाई जी, कोणालेच नाई," भाऊ तयारच होता. "लहान असताना तिले ताप आला होता न, मोठा. तवापासून."

मुलीने माझ्याकडे बघितले नाही. बघितले असते तर मी कदाचित डोळे चुकवले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते. ती आपल्या हाताच्या नखांकडे बघत होती. त्या खोलीत ती एकटीच अडखळणारी होती, माझ्या सहीशिक्क्याने, दुसऱ्यांदा.

मी म्हणालो, "प."

सगळे माझ्याकडे वळले. मला 'पोरीने' म्हणायचे होते. 'लेकीने' हा शब्द जिभेवर तयार होता, ओठांशी येऊन उभा होता, नुसता सोडायचा. मी तो घेतला नाही. प आला, पुन्हा आला, मग ओठ मिटले ते मिटलेच. मान एका बाजूला गेली, डोळे मिटले गेले, शाळेत व्हायचे तसेच सगळे झाले. भाऊ माझ्यासाठी शब्द पुरवायला पुढे सरकला. मुलीने त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला थांबवले.

"पोरीनं हे माझ्याकडून घेतलं," मी म्हणालो. त्याला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. चहावर साय धरली होती.

असे सांगून टाकले की मन हलके होते, असे मी अनेक ग्रंथांत वाचले आहे. मला घाम आला होता आणि कान तापले होते. आणखी एक सांगायला हवे. मला लाज अडखळल्याची जितकी वाटली तितकीच, किंबहुना त्याहून जास्त, या गोष्टीची वाटली की मी हे मुलाच्या आईसमोर बोललो आणि रुग्णालयातल्या त्या खोलीत, मुलगी शेजारी असताना, बोललो नाही.

मुलाची आई भावाकडे वळून म्हणाल्या, "मंग त्या बिचाऱ्या तापाले काऊन बदनाम केलं जी?"

भावाने रिकामा कप तोंडाला लावला. मुलगा हसला, माझी बायको हसली. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, मॅडमकडचं उत्तर ब-बदलून घ्याल?" मी हो म्हणालो. मग तिने साय काढून माझा चहा प्यायला.

निघताना मुलाच्या आईने पुढच्या बैठकीला राजुऱ्याला यायचे सांगितले, तारीख तिथेच काढू म्हणाल्या. बायकोने मला पाठीत हळूच ढोसले. मुलाचे वडील मागे थांबले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचा चेहरा भारावलेला होता. "भाऊ," ते म्हणाले, "लय मोलाचं बोलले तुम्ही. असं बोलाले हिंमत लागते." मला बोलता येईना, या खेपेला निराळ्या कारणाने. इतक्या वर्षांत माझे बोलणे असे कोणी ऐकून घेतले नव्हते. मी अंगणात त्यांची गाडी वळेपर्यंत उभा राहिलो.

आत आलो तर बायको कप गोळा करत होती. मुलाच्या आईने तिला जाता जाता सांगितले होते, की सुरुंगाच्या कामात ह्यांचे दोन्ही कान गेले. ऐकायचे यंत्र दिले आहे, पण पाहुण्यांत लावायची लाज वाटते, म्हणून ते आज सकाळपासून सदऱ्याच्या खिशात होते.