चिकट्याची उंची

चिकट्याला हे नाव गल्लीतल्या पोरांनी दिलं. चेंडू एकदा त्याच्या हाताला लागला की सुटायचा नाही, म्हणून. वडील काचा बसवायचे, घरांच्या खिडक्यांना, दुकानांच्या दर्शनी भागाला. घरात सगळेच बेताच्या उंचीचे. माळ्यावरचा डबा काढायचा तर आई बाबांना हाक मारायची, आणि बाबा येऊन तिच्याबरोबर स्टूल शोधू लागायचे. या विनोदावर ते घर बरीच वर्षं हसलं.

राष्ट्रीय फुटबॉल अकादमीची माणसं निवडीला आली, तेव्हा चिकट्या तेरा वर्षांचा होता. मैदानावर पोरांची झुंबड. पाठीला नंबर लावून त्यांना छोट्या छोट्या संघांत खेळवत होते. निवडणारे कडेला खुर्च्या टाकून बसलेले, आणि त्यांचं लक्ष चेंडूपेक्षा चेंडू जवळ नसलेल्या पोरांकडे जास्त. गोलरक्षकांचे प्रशिक्षक मात्र गोलमागे उभे होते. चिकट्यानं एक चेंडू असा अडवला, की मारणाऱ्या पोरानं डोक्याला हात लावला. संध्याकाळी ते प्रशिक्षक बाबांना म्हणाले, "पोरगा आम्हाला द्या. हात बघितलेत त्याचे?" तेव्हापासून ते चिकट्याचे सर झाले.

अकादमीत पहिल्या आठवड्यात दात, डोळे, रक्त, सगळं तपासलं आणि मनगटाचा एक्स-रे काढला.

"माझा हात मोडलाय का?" चिकट्या घाबरला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "नाही रे. हाडं बघितली की कळतं, तुझी उंची अजून किती वाढायची राहिली आहे ते."

त्यानं सरांना गाठलं. "सर, माझी किती राहिलीये?"

"भरपूर," सर म्हणाले.

खोलीत जोडीदार मिळाला लंब्या. तोही गोलरक्षक. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेणारा, आपले हातपाय नेमके कुठवर पोचतात याचा अजून पत्ता न लागलेला. उंचावरचे चेंडू तो सहज काढायचा, आणि जमिनीलगतचे आरामात त्याच्या पायांमधून निघून जायचे. सरांनी दोघांची जोडी लावली आणि चिकट्याला सांगितलं, "तू आधी करून दाखव, तो बघून शिकेल. शिकवलं की आपलंही पक्कं होतं."

पहाटे सराव, मग शाळा, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी पुन्हा मैदान. वर्ष संपलं की काही पोरांना बोलावून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या खुर्च्या रिकाम्या दिसायच्या. चिकट्याला कधी बोलावलं नाही. त्याला वाटायचं, चांगलं चाललंय आपलं.

त्यानं लंब्यासाठी जीव ओतला. झेप घेण्याआधी पाय कुठे ठेवायचा, मारणाऱ्याच्या खांद्यावरून चेंडूची दिशा कशी ओळखायची, पडताना कोपर कसं वाचवायचं.

"गुरुजी, जरा हळू मारा की."

"का रे? समोरच्या संघात तुझी आजी खेळणार आहे का?"

"आजी असती तर मी आधीच हरलो असतो. तिचा पाय तू बघितला नाहीस!"

रोज चिकट्या जिंकायचा, आणि दुसऱ्या दिवशी लंब्या थोडा सुधारून यायचा. उंची वाढावी म्हणून चिकट्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन लोखंडी बारला लटकायचा. सर जवळून जाताना थांबायचे. "लटक, लटक. वेळ आहे अजून."

अशी चार वर्षं गेली. अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाची निवड तोंडावर आली. दोन गोलरक्षक घेणार होते. एक लंब्या, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. दुसरी जागा चिकट्यानं मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकली होती. तेवढ्यात त्याचं बोट सुजलं.

डॉक्टरीणबाई पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "आठवडाभर विश्रांती घे. निवडीची घाई तर तुला नाहीच."

"नाही कशी?"

बाईंचा हात थांबला. "अरे, तुझी वाढ संपत आलीये, हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी सरांना. इतक्या कमी उंचीचा गोलरक्षक पुढे घेत नाहीत. लंब्याच्या सरावासाठी राहायला तू तयार आहेस, असं म्हणाले ते. तुला माहीत नव्हतं?"

सर सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होते.

"सर, माझी उंची किती वाढायची राहिली होती?"

पंप चालूच राहिला. "कोण बोललं तुला?"

"किती राहिली होती?"

"दोनेक बोटं." सरांनी चेंडू दाबून बघितला. "हे बघ, रोज हरवणारा कोणी नसता तर लंब्या पहिल्याच वर्षी घरी गेला असता. त्याला तू घडवलंस."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर असा खेळला असतास का?" सर अगदी समजुतीच्या सुरात बोलत होते. "निवड होईपर्यंत थांब. आत्ता त्याला तुझी खरी गरज आहे."

चिकट्या थांबला नाही. तो बॅग भरत होता तेव्हा लंब्या दारात उभा राहून रडला. "शपथ घेतो, मला माहीत नव्हतं." चिकट्याचा त्याच्यावर विश्वास बसला. तरी त्यानं बॅग उचलली.

घरी त्यानं सगळं सांगितलं. आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मेल्याला काही लाज आहे की नाही! माझ्या लेकराला चार वर्षं राबवलं!" बाबा एरवी तिच्या आधी पेटायचे. आज ते खाली बघत बसले होते.

"बाबा?"

"मला सरांचा फोन आला होता," बाबा म्हणाले. "पहिल्याच वर्षी. म्हणाले, तुम्ही म्हणाल तर परत पाठवतो, नाहीतर राहू दे, शाळा तरी नीट होईल. तू फोनवर किती खूश असायचास रे. माझ्या तोंडून निघेना."

आई बाबांकडे वळली. "आणि मला?" तिनं विचारलं.

चिकट्याला सरांचा राग आला होता, पण सर परके होते. प्रत्येक रविवारी "मग, सराव कसा चाललाय?" असं विचारणारा आवाज बाबांचा होता.

दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तो बाबांच्याच कामाला लागला. मोठी काच एकट्याला उचलवत नाही. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला तो. "उचल." "डावीकडे." "थांबा." वर्षभर दोघांत एवढंच बोलणं झालं. लंब्या संघात गेला. त्याचे फोन यायचे, चिकट्या वाजू द्यायचा.

एकदा एक भलीथोरली काच तिसऱ्या मजल्यावर न्यायची होती. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्यानं निघाले. बाबा वर, उलट्या पावली चढत, चिकट्या खाली. वळणावर बाबा थांबले. धाप लागली होती. काचेतून त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"माझं चुकलं रे," ते म्हणाले.

काच टेकवायला तिथे जागा नव्हती. सोडून निघून जाता येत नव्हतं, तोंडही फिरवता येत नव्हतं. चिकट्यानं काचेखालचा हात सावरून घेतला.

"मागे पायरी आहे," तो म्हणाला. "बघून पाय टाका."