कुसाबाईंची चौथी ओळ

मला विद्वान वगैरे समजू नका. पस्तीस वर्षं नाशिकच्या एका कॉलेजात जुनं मराठी काव्य शिकवलं, एवढंच. ‘कवितेत बोलतंय कोण?’ हा माझा लाडका प्रश्न. मुलं कंटाळायची, पण मी काही सोडायची नाही. आणि माझ्याच स्वयंपाकघरात जी बाई बोलत होती, तिचं मी काय केलं ते ऐका.

कुसाबाई इंदिरानगरला माझ्याकडे भाकऱ्या करायला येतात. मूळच्या इगतपुरीकडच्या. अर्धं आयुष्य भाताची रोपं लावण्यात, चिखलात वाकून गेलं. मुलगा संतोष कंपनीत लागला, तशा त्या शहरात आल्या. शाळा पाहिलेली नाही, पण तोंड असं की सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा वाट सोडतो. भाकरी थापताना त्या ओव्या म्हणायच्या.

चिखलात उभी मी, पाणी गुडघ्याला
रोप हाती हिरवं, कळ लागे पाठीला
बांधावरचा पुसे, थांबलीस कशाला
कुसा म्हणे, दादा, ये उतर चिखलाला

“कुणाच्या हो ह्या?” मी विचारलं.

“माझ्याच की!”

मी हसले. सगळ्याच बायका असं म्हणतात. ओवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते आणि म्हणणारी शेवटी आपलं नाव घुसडते, असं मी वर्गात शिकवत आले होते. जुन्या पोथ्या तपासणाऱ्यांची खोडच असते ही, शेवटच्या ओळीतल्या नावाचा आधी संशय घ्यायचा. मी एकतीस ओव्या टिपल्या, प्रत्येकीची चौथी ओळ काढून टाकली आणि पुस्तक छापलं. खाली लिहिलं, ‘कवयित्री अज्ञात’. वर प्रस्तावनेत अक्कल पाजळली की ह्या स्त्रीला प्रश्न विचारले जातात, पण तिच्यापाशी उत्तर नाही. ती मूक आहे. अहो, उत्तर मीच कापलं होतं! पुन्हा एकदा नीट विचारायला काय धाड भरली होती मला?

पुस्तक त्यांना कौतुकानं वाचून दाखवलं. तीन ओळी झाल्यावर त्या म्हणाल्या, “आन्‌ पुढं?”

“पुढची ओळ मागाहून जोडलेली असते, कुसाबाई.”

“कोनी जोडली? बांधावरचा तो मुकादम मलाच बोल्ला व्हता. त्याच दिशी केली मी ती.”

माझा चेहरा उतरला. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन म्हणाले. महिन्याभरानं पीठ मळता मळता म्हणाल्या, “बाई, तुमचं पुस्तक गावच्या शाळंत आलंय. गुरुजी म्हनत्यात, म्हातारी पुस्तकातलं चोरून सोताचं नाव लावती. नवनाथच्या हळदीला या, तुमी सांगा सगळ्यास्नी.”

नवनाथ म्हणजे त्यांचा पुतण्या. मी शब्द दिला आणि गेले.

मांडवात शाळेतले तेच रंगनाथ गुरुजी धावतच आले. वाकून नमस्कार, शाल, नारळ, खुर्ची. माइक हातात घेऊन म्हणाले, “आपल्या भागाच्या अज्ञात ओव्या मॅडमनी उजेडात आणल्या! आमची कुसामावशी मात्र शेवटी आपलं नाव चिकटवते हं!” मांडव खो खो हसला. त्यांनी माइक माझ्यापुढे धरला.

चूक माझी आहे, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. शाल खांद्यावर होती, पहिल्या रांगेत माझे दोन जुने विद्यार्थी बसले होते. मी लोकसाहित्याच्या महत्त्वावर बोलले. पाच मिनिटं बोलले! टाळ्या पडल्या. लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मला बरंसुद्धा वाटलं.

मग बायकांनी कुसाबाईंना पुढे ढकललं, म्हणा म्हणून. त्यांनी हळद लावता लावता चिखलाची ओवी धरली. तिसऱ्या ओळीला माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या.

“पुढं?” कुणीतरी विचारलं.

“पुढं काय नाय. पुस्तकात येवढीच हाय.”

परतीच्या गाडीत आम्ही मागच्या सीटवर शेजारी शेजारी होतो. घोटी आल्यावर धीर करून म्हणाले, “कुसाबाई, मी बोलायला हवं होतं.”

त्यांनी काच खाली केली, बाहेर बघत राहिल्या.

“हां बाई,” त्या म्हणाल्या. “हवं व्हतं.”